सिमेंटने गुदमरलेले दगडी घर

मित्रांनो, तीनशे वर्षे इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्डच्या टेकडीवर उभे असलेले मी एक दगडी घर आहे. माझा रंग मधासारखा, म्हणून लोक माझे फोटो काढतात. काढा! माझे काय झाले ते मात्र कोणी विचारत नाही.

माझ्या भिंती दीड हात जाड. आत-बाहेर दगड, मध्ये खडीचा भराव आणि सगळ्याला धरून ठेवणारा मऊ चुना. भिंतीत शिरलेला पाऊस चुन्याच्या सांध्यांतून वाऱ्यावर सुकून जाई. तोच माझा श्वास होता.

विनिफ्रेड पेग्लर माझ्यातच जन्मली, माझ्यातच म्हातारी झाली. चुना झिजला की गवंडी एनॉक टफली येऊन सांधे भरायचा.

"विनी, तुझ्यापेक्षा तुझं घर तरणं दिसतंय!"

"मग माझ्या सुरकुत्यांतही भर की थोडा चुना!"

एके उन्हाळ्यात तिचा मुलगा रॉडनी शहरातून आला. झिजलेले सांधे पाहून त्याने सिमेंट कालवले आणि सांध्यांत भरू लागला.

एनॉक कुंपणावरून ओरडला, "अरे गाढवा, घराचं नाक दाबतोयस! आतलं पाणी जाणार कुठून?"

"टफलीकाका, चुन्याचे दिवस गेले. हे शंभर वर्षं हलायचं नाही."

"तेच तर रडं आहे!"

विनिफ्रेडला सगळे कळत होते. पण पोराने घाम गाळला होता. ती गप्प बसली.

पाणी आत अडकले. हिवाळ्यात गोठले, फुगले. सिमेंट जागचे हलले नाही, माझ्या दगडांचेच पापुद्रे सुटले. विनिफ्रेडच्या पलंगामागची भिंत काळी पडली, तिला खोकला जडला. रॉडनीने काय करावे? त्या ओलीवर चकचकीत रंग फासला!

तिसऱ्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिला हलवायला सांगितले. दारात तिने माझ्यावर तळवा टेकला. तो ओला झाला.

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं," ती म्हणाली.

वृद्धाश्रमात ती दोन महिनेही टिकली नाही.

मित्रांनो, जुन्या घराला हात लावण्याआधी ते कशाने बांधले आहे ते विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे, त्याने माया म्हणून तोंड शिवून घेऊ नये.

आता एनॉक छिन्नीने सिमेंट काढतो आहे. प्रत्येक तुकड्याबरोबर माझ्या दगडाची कडही निघून येते. खाली रॉडनी मुकाट्याने चुना कालवतो. मी सुकेनही. पण जिच्यासाठी सुकायचे, ती गेली.