नळाची टेप लावलेला बूट

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉलचा बूट आहे, उजव्या पायाचा. माझा जोडीदार डावा स्वभावाने निवांत. घाबरट मी एकटाच, आणि त्याला कारणही तसंच होतं.

माझ्या तळाला सहा स्टड आहेत, म्हणजे मातीत रुतणारे खुंट, स्क्रूसारखे फिरवून बसवायचे. नवा होतो तेव्हा माझ्या धन्याने कितीही गर्रकन वळावं, मी जमीन सोडत नसे. धनी म्हणजे एकोणीस वर्षांचा बारक्या, मधल्या फळीत खेळणारा. मला घालूनच तो निवड चाचणीत उतरला आणि मोठ्या क्लबात आला. त्या दिवशी त्याने मला स्वतःच्या रुमालाने पुसलं. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं असतं.

क्लबात रोज सकाळी भिंतीवर यादी लागायची. यादीत नाव नसलेले दोघे एकदा बॅगा भरून गेले, ते परत दिसले नाहीत. तेव्हापासून यादी वाचताना बारक्याच्या पायाला माझ्या आत घाम फुटायचा. मला सोडलं तर नशीब फिरेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. साहित्य सांभाळणारे काका दर आठवड्याला सगळ्यांचे बूट तपासत, पण बारक्या मला बॅगेच्या तळाशी लपवायचा.

कारण माझ्या पुढच्या एका स्टडचे आटे गेले होते. बारक्याचे वडील प्लंबर. नळ गळायला लागला की ते आट्यांवर पांढरी टेप गुंडाळतात, हे तो लहानपणापासून पाहत आलेला. त्यानेही स्टडला टेप गुंडाळली आणि पकडीने आवळला. मला मात्र प्रत्येक वळणावर तो हललेला कळायचा. हा निघाला तर पोराचा घोटा जाईल, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागायचा. पण बुटाने ओरडायचं कसं?

पहिल्या मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात स्टड फिरलाच. घोटा मुरगळता मुरगळता वाचला. "काही नाही," म्हणून तो हसला. मग खाली वाकून त्याने स्टड हातानेच आवळला.

सामन्याच्या सकाळी तो स्वयंपाकघरात बसून नवी टेप गुंडाळत होता. वडिलांनी मला त्याच्या हातातून घेतलं आणि स्टड बोटाने हलवून पाहिला.

"टेपने गळती थांबते रे. वजन नाही पेलत ती."

"दुसऱ्या बुटांत जमलं नाही तर, बाबा?"

"नाही जमलं तर घरी ये. पण चालत ये."

बारक्याने टेपचं रीळ खाली ठेवलं. मग त्याने काकांना फोन करून सगळं कबूल केलं, दुसरे बूट मागितले आणि मला वडिलांच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवून गेला.

मित्रांनो, मला बोलता येत नव्हतं, तुम्हाला येतं. तुमचं काही ढिलं झालं असेल तर ते लपवू नका, कुणाला तरी दाखवा. मी त्या पेटीवर दिवसभर भीतीने आकसून पडलो होतो.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. सामन्याचं काय झालं हे मला ऐकायचंच नव्हतं, मी फक्त पावलं ऐकत होतो. दोन्ही सारखी पडत होती.