पाळीजवळचा लव्हाळा

मित्रांनो, मी एक जुना लव्हाळा आहे. एकटी काडी नव्हे हं, तलावाच्या पाळीला आतून लागून उभं राहिलेलं अख्खं बेट. म्हणजे, होतो. आता तुडुमाच्या दगडांच्या फटीत माझ्या मोजक्या काड्या उरल्या आहेत, आणि ऐकायला दुसरं कुणी नाही म्हणून तुमच्याशी बोलतो आहे. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेताकडे सोडायचं दार. चांदा जिल्ह्यात, मूल गावच्या बाजारवाटेवरच्या आमच्या गावात, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

मला कुणी लावलं नाही. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, पणजोबानं ओढ्याला मातीची पाळ घातली, पाणी अडलं, आणि कुठल्याशा बदकाच्या पायाला चिकटून माझं बी आलं. चिखल मऊ होता, मी पाय पसरले.

तलावाला कसल्या आल्या लाटा, असं तुम्हाला वाटेल. पण आमचा तलाव पश्चिमेला पार जंगलापर्यंत पसरलेला. तो भरला की वारा त्या टोकाहून निघायचा आणि पाण्याला ढकलत ढकलत पाळीकडे आणायचा. निघताना नुसती सुरकुती असे. इकडे येईपर्यंत तिची चांगली दणकट लाट होई. ती यायची ती माझ्या अंगावर. मी तिच्याशी भांडत नसे. पुढची काडी वाके, मग मागची वाके, आणि एकेकीला घासत जाताना लाटेचं बळ खर्ची पडे. पाळीला पोचेपर्यंत ती मांजरानं दूध चाटावं तशी चाटून परत फिरे. दमलेल्या पाण्यातला गाळ माझ्या पायाशी बसे, त्यात माझी मुळं शिरत, आणि पाळीचा पाया दरसाल थोडा भक्कम होई. बस्स, एवढंच माझं काम. गाजावाजा नाही की पगार नाही.

पाळीवर मातामायचं शेंदूर लावलेलं ठाणं होतं. पाळीकडचा लव्हाळा मातामायचा, त्याला विळा लावायचा नाही, अशी गावाची रीत. चटयांसाठी कापायचा तो पलीकडच्या काठाचा, माझ्याच बियाणाचा. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. कौतुकही माझ्या वाट्याला आलं बरं का. गुणाबाई माझ्या अशा चटया विणायची की शेजारणी हात फिरवून बघायच्या. तिची वच्छला जन्मली ती माझ्याच चटईवर.

आणि याच गुणाबाईचा नवरा सोमाजी माझा पक्का वैरी. तुडुमाचं पाणी पहिल्यांदा जिथं उतरतं, ती पाळीखालची धानाची बांधी त्याची. गावातली पहिल्या नंबरची जमीन, त्याचा जीव की प्राण. माझ्यात जांभळ्या पाणकोंबड्या घरटी करत आणि लोंबी भरली की थेट त्याच्या बांधीत उतरत. तो गोफण घेऊन घसा फुटेस्तोवर ओरडायचा. त्याचा राग खोटा नव्हता, हे मलाही कबूल आहे.

मग एक्कावन्न साली मालगुजारी गेली. तलाव सरकारचा झाला. सरकारचा म्हणजे नेमका कुणाचा, हे गावाला कळेना. दरवर्षी पाळीवर माती टाकून घेणारा मालगुजाराचा माणूस यायचा बंद झाला. पुढं वर्ष-दीड वर्षानं तालुक्याहून एक साहेब आले. भला माणूस, बोलणं गोड. "तलाव म्हणजे गावाचं तोंड," ते म्हणाले, "ते स्वच्छ दिसायला हवं. श्रमदान करा, मीही घमेलं उचलतो."

सोमाजीला हेच हवं होतं. "पाळीपासूनच सुरू करू," तो म्हणाला. "ह्या लव्हाळ्यातल्या कोंबड्याईनं माहं धान खाल्लं. मुळासकट काढून टाकू."

इस्तारी ढिवर या तलावात मासे धरायचा. तो डोकं खाजवत म्हणाला, "माहं जाळं बी त्याच्यातच फाटते. पण तो मातामायचा हाय ना, भाऊ."

"मंग मातामायले विचारू. माय कधी लेकराईले नाई म्हणते का?"

नारळ फोडला. खोबरं पांढरंशुभ्र निघालं. झालं, परवानगी मिळाली. गावाच्या मनात पाप नव्हतं हो, रीतीनं विचारूनच त्यांनी रीत मोडली.

गुणाबाई तेवढी म्हणाली, "समदा नोका काढू जी. वच्छलाच्या बाळंतपणाले चटई लागन."

"सतरंजी आणून देतो तुले मूलच्या बाजारातून," सोमाजी म्हणाला.

वैशाखात पाणी मागं हटलं होतं. नुसता कापला असता तर पुन्हा उगवलो असतो. पण त्यांनी दोन्ही काठांवरची मुळं कुदळीनं उपटली, वाळवली, जाळली. बायका गाणी म्हणत होत्या. तुडुमाच्या दगडांत कुदळ शिरेना, म्हणून तेवढा मी वाचलो. पावसाळ्यात तलाव आरशासारखा दिसू लागला. साहेबांना हार घातला, साहेबांनी सोमाजीला घातला. त्या वर्षी त्याचं धान खरंच जास्त पिकलं. सतरंजीही आली.

पण वारा कुठं गेला नव्हता. आता लाट सरळ पाळीवर आदळू लागली. आधी पाण्याच्या रेघेला नुसती खाच पडली. पुढच्या पावसाळ्यात खाच आत आत गेली आणि वरची माती ढेकळाढेकळानं खाली बसू लागली. मग एके दिवशी मातामायचा दगडच पाण्यात गेला, तेव्हा कुठं गावाची झोप उडाली. टोपल्यांनी माती टाकली, पळसाच्या फांद्या खोचल्या. नुसत्या मातीला लाट कितीशी भीक घालणार? मातीला धरून ठेवणारं कुणी हवं होतं. मला ते कळत होतं, पण गवताला तोंड कुठं असतं?

पोळ्याचा दिवस. सगळा गाव बैल सजवून तोरणापाशी गोळा झालेला. दुपारी वारा सुटला. सोमाजी बैल तसेच सोडून पाळीकडे धावला. खाच पार झाली होती, पाळीच्या खालच्या अंगाला पाणी पाझरत होतं. तो पाण्यात उतरला आणि पाळीला पाठ लावून उभा राहिला. बरोबर त्याच जागी, जिथं मी उभा असायचो. लाट त्याच्या छातीवर फुटायची, दुसरी तोंडावर. मित्रांनो, माझा वैरी तो, पण माझ्यानं बघवेना.

गुणाबाई मागोमाग आली. "तुमी वर या जी. बैल तोरणाखाली उभे हायेत."

"राहू दे उभे. मी इथी उभा रायलो तं पाळ रायते."

"एकट्या माणसानं रायते का पाळ?"

त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. मग हळूच म्हणाला, "लव्हाळा होता तवा लाट इथवर येत नोती, गुणा. हे आता ध्यानात येऊन राह्यलं मले."

तिनं पदर खोचला. धोतर धरून त्याला वर ओढलं, आणि ते दोघं दहा पावलं जातात न जातात तोच पाळ बसली. तलाव त्याच्या बांधीतून गेला. संध्याकाळी तिथं धान नव्हतं, बांध नव्हता, नुसता मुरूम आणि वाळू. इस्तारीचे मासे ओल्या वाळूत तडफडत होते, आणि ते उचलायलाही कुणाचा हात पुढं झाला नाही.

साहेबांची बदली झाली होती. नवे आले, बघून गेले. पाळ तशीच फुटलेली आहे. सोमाजी आणि गुणाबाई आता मूलच्या धानमिलमध्ये पोती वाहतात. वच्छलेचं बाळंतपण सतरंजीवरच झालं.

एक मागणं आहे, मित्रांनो. काठावरचं कुठलंही गवत उपटण्याआधी वाऱ्याकडे तोंड करून घटकाभर त्याच्या जागी उभे राहा. मग काय ते ठरवा.

मिलला सुट्टी असते त्या दिवशी सोमाजी गावी येतो. तुडुमाच्या फटीतून माझी मुळं हलक्या हातानं सोडवतो, पाळीच्या पायथ्याशी ओळीनं लावतो, आणि विहिरीवरून घागरीनं पाणी आणून घालतो. "जग बापा," म्हणतो. संध्याकाळपर्यंत ते पाणी जमीन पिऊन टाकते. पुढच्या सुट्टीला तो पुन्हा येतो, वाळलेली काडी काढून नवी लावतो. मी रुजायचा प्रयत्न करतो, त्याच्यासाठी. पण तलावात पाणी नाही, आणि ज्या लाटेला मी अडवायचं ती लाट आता यायचीच नाही, हे त्याला कोण सांगणार?