उल्काताईंच्या पदकाचा ठसा

मी एक जुना ठसा आहे, असं म्हणायचा मला खरं तर हक्क नाही, मित्रांनो. जुनं व्हायला आधी काम करावं लागतं. मी पदक पाडायचा पोलादी ठसा, आणि जन्मात एक पदक पाडलेलं नाही. हॉलंडमधल्या फोरबर्ग गावात एका छोट्या कारखान्याच्या खिडकीशी बसून असतो. हसू येतंय ना? हसून घ्या. मग ऐका.

२००५ च्या मे महिन्यात रॉटरडॅमजवळच्या एका गावच्या खेमेंटेने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, एक ठराव केला. गावातल्या उल्काताईंच्या सन्मानासाठी ब्रॉन्झचं एकच पदक पाडावं. त्याआधी त्यांची लेखी संमती घ्यावी. संमती नसेल तर ठराव रद्द समजावा आणि ठशावर आडवी चीर मारून तो निकामी करावा. माझं जगणं आणि माझं मरण एकाच कागदावर लिहिलेलं, बघा!

उल्काताई लग्नानंतर पुण्याहून इथे आल्या. तिशी उलटल्यावर, गुडघे फोडून घेत सायकल शिकल्या. ज्या बाईला इथे सायकल येत नाही ती घरातच अडकून पडते, हे त्यांना पुरतं कळलं होतं. मग बावीस वर्षं दर रविवारी सकाळी त्या एका ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये परदेशातून आलेल्या बायकांना सायकल शिकवत राहिल्या. मोरोक्कोच्या, तुर्कस्तानच्या आणि हल्ली नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागे आलेल्या पुण्या-मुंबईच्याही. "खाली काय बघतेस? पुढे बघ, पुढे!" असं ओरडत कॅरिअर धरून पळायचं आणि न सांगता हात सोडायचा, ही त्यांची पद्धत. ठराव मांडणारी नगरसेविकासुद्धा त्यांच्याचकडे सायकल शिकलेली.

मला घडवलं टेउन नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने. समारंभ सप्टेंबरात होता, म्हणून संमतीची वाट न बघता त्याने काम सुरू केलं. कोण कशाला नाही म्हणेल? महिनाभर भिंगातून बघत त्याने माझ्यावर सायकलवरची बाई कोरली. मागे कॅरिअर धरलेला नुसता एक हात. खाली ताईंचं नाव, उलट्या अक्षरांत, म्हणजे पदकावर ते सुलटं उठलं असतं. मग भट्टीत लाल करून मला तेलात बुडवलं आणि कडक केलं. टेउन मला उजेडाकडे धरून म्हणाला, "इतका चांगला हात मी आजवर कोरला नव्हता." अहो, काय सांगू, मी फुगून कुप्पा झालो!

आणि तेवढ्यात ताईंचं पत्र खेमेंटेला पोचलं. 'आपण माझी आठवण ठेवलीत, आभारी आहे. पण मी काही मोठं केलेलं नाही. हे पदक माझ्याहून लायक माणसाला द्यावं.' आठ दिवसांत उत्तर गेलं, 'आपल्या निर्णयाचा आम्ही मनापासून आदर करतो.' झालं. ठराव संपला.

टेउनच्याने चीर मारवेना. ठरावात तारीख लिहिलेली नाही, एवढं निमित्त त्याला पुरलं. त्याने मला फडक्यात गुंडाळून खणात ठेवलं. बाहेर दाबयंत्राचा धप्प आवाज आला की मी फडक्यात कान टवकारायचो. फुटबॉल क्लबची पदकं, शाळांची पदकं. सगळ्यांची वेळ यायची, माझी सोडून. एकदाच, फक्त एकदाच दाबा रे मला, असं वाटायचं.

पुढच्या वसंतात खेमेंटेचं स्मरणपत्र आलं. आता सुटका नव्हती. टेउनने ताईंना फोन केला, "मोडण्याआधी एकदा बघून जाता का?"

ताई आल्या, सोबत त्यांची लेक ऋता. ताईंनी मला हातात घेतलं, त्या कोरलेल्या हातावरून बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. टेउन गोंधळला. म्हणाला, "पण तुम्हाला तर नको होतं."

"आमच्यात पहिल्यांदा नकोच म्हणतात हो," ताई म्हणाल्या. "लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. मला वाटलं, परत विचारतील. साडीला इस्त्री करून ठेवली होती मी. महिनाभर फोनकडे बघत होते."

ऋता एकदम ओरडलीच, "आई! ते लेटर मी टाइप केलं. तू नको म्हणालीस, तर मला वाटलं खरंच नको!"

"एवढी वर्षं माझ्या घरात वाढलीस, आणि तुलाही कळलं नाही?"

ऋता रडायलाच लागली. टेउन हळूच म्हणाला, "आमच्याकडे परत विचारलं तर माणसाला राग येतो. त्याच्या शब्दाला किंमत दिली नाही असं होतं." मग त्याने विचारलं, "कॉफी?"

"नको," ताई म्हणाल्या.

तो दोन पावलं गेला, थांबला, वळला. "खरंच नको?"

ताई रडता रडता हसल्या. "अर्धा कप द्या."

निघताना त्यांनी मला टेबलावर उताणं ठेवलं आणि आपला तळवा माझ्यावर टेकवला. अंगातला सगळा भार घालून दाबला. यंत्राचा जोर कुठला असायला त्या हातात! पण मित्रांनो, मी तेवढ्यात जीव ओतला. त्यांनी हात उचलला तेव्हा तळव्यावर एक लालसर हात उठला होता आणि त्याच्याखाली सुलट्या अक्षरांत 'उल्का'. ऋताने वाकून वाचलं. दोन मिनिटांत ते पुसट झालं आणि मग गेलंच. ताईंनी मूठ मिटून घेतली.

दुसऱ्या दिवशी टेउनने माझ्यावर चीर मारली. दुखलं.

आता माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरीही 'मला काही नको' म्हणणारं कुणीतरी असेल. त्यांच्याकडे एकदा परत जा, परत विचारा. फार तर पुन्हा नको म्हणतील. मला मात्र कुणी पहिल्यांदासुद्धा विचारलं नाही. विचारलं असतं ना, तर मी तिथल्या तिथे हो म्हटलं असतं.