मुकादम शाळेत जात नाहीत

सोमवारी शाळा सुरू होणार आणि शुक्रवारी मुकादम जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसल्या. वय वर्षं सहा, जन्मापासून दिसत नाही, आणि घरात सगळ्यांवर हुकूम चालवते म्हणून घरच्यांनीच हे नाव ठेवलेलं. "मी शाळेत जाणार नाही," एवढं जाहीर केलं आणि पुढची चौकशी बंद.

मी तिच्या घरी येणारी शिक्षिका. न दिसणाऱ्या मुलांना जिन्यावर, रस्त्यावर आपलं आपण वावरायला शिकवायचं आणि त्यांच्या घरच्यांना लुडबुड न करायला शिकवायचं, हे माझं काम. मुलं लवकर शिकतात. ही तर पांढरी काठी घेऊन जिना उतरत होती, डबा उघडत होती, दोनदा शाळेत नेली तेव्हा वर्गही शोधून आली होती. शाळेने मोठ्या मिनतवाऱ्यांनंतर जागा दिलेली, सोमवारी हजर झाली नाही तर ती दुसऱ्याला जाणार.

"वाहनांना घाबरली असेल," बाबा म्हणाले.

"नव्या मुलांना," आई म्हणाली.

"मास्तरांना," आजोबा म्हणाले. "मीसुद्धा घाबरायचो."

मी टेबलाखाली शिरले. माझ्या वयाच्या आणि घेराच्या बाईने हे करू नये, पण पगार घेते, त्यामुळे इलाज नाही. मुकादमांनी जरा सरकून जागा दिली.

"कशाची भीती वाटते गं?"

"भीती नाही वाटत," ती माझ्या कानाशी कुजबुजली. "ताई, मी गेले तर या लोकांचं काय होणार?"

"कोणत्या लोकांचं?"

"यांचंच! आजोबा पलंगावरून न्हाणीघराकडे निघतात आणि चुकतात. मी हात धरून नेते. बाबांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत. आईला मीठ कुठलं, साखर कुठली कळत नाही. आणि दिसतं म्हणे यांना! काय उपयोग?"

मी टेबलाखालून बाहेर आले आणि तिघांना स्वयंपाकघरात बोलावून दार लावून घेतलं.

आता ही माणसं कोण ते सांगते. आजोबांनी उभी हयात शहराची बस चालवली, धुक्यातही गाडी थांब्याला लावायचे. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, टिचभर स्क्रू डोळे मिटून बसवतात. आई औषधांच्या दुकानात आहे, डॉक्टरांचं अक्षर वाचते. यांना न्हाणीघर, बटणं आणि मीठ जमत नाही!

"तुम्हीच म्हणाला होतात ना ताई," आई खालमानेने म्हणाली, "की तिला घरातली कामं द्या, आपला उपयोग होतो असं तिला वाटू द्या."

"कामं द्या म्हटलं होतं! नाटक कंपनी काढा म्हटलं नव्हतं!"

"ती इतकी खूश व्हायची," बाबा पुटपुटले. "मग थांबवेचना."

सोंग चांगलंच अंगलट आलं होतं. मी सांगितलं, आत्ताच्या आत्ता तिला खरं सांगा. तिघं टेबलासमोर जमिनीवर बसले आणि आईने सांगून टाकलं, "पिल्ला, आम्हाला सगळं येतं. आम्ही नुसतं नाटक करत होतो."

टेबलाखालून एक मोठा उसासा ऐकू आला.

"माझं मन राखायला उगाच खोटं बोलू नका," मुकादम म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावला. शेवटी परीक्षा घ्यायचं ठरलं. परीक्षक अर्थात मुकादम.

आधी आजोबा. पलंग ते न्हाणीघर, एकट्याने. ती टेबलाखालून बाहेर येऊन कान देऊन उभी राहिली. आजोबांना इतकं दडपण आलं की ते खरोखरच स्टुलावर आपटले. "बघा!" मुकादम म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला पोचले. "पास. पण रात्री दिवा लावून जात जा. तुम्हाला अंधाराचा सराव नाही."

मग बाबा. त्यांनी घाम पुसत शर्ट घातला. तिने वरून खाली बोटं फिरवली. "एक बटण चुकलंय."

"घाई झाली गं!"

"लिफ्टमध्ये पण असंच करता?" तरी बाबांना काठावर पास केलं.

आईने चहा केला. मुकादमांनी घोट घेतला, साखर बरोबर होती. माझा जीव भांड्यात पडला.

"आता शेवटचं," ती आईला म्हणाली. "मी आतल्या खोलीत जाते. मला हाक न मारता बसून दाखव."

दार लागलं. आईने हाताची घट्ट घडी घातली. मग पदराशी चाळा केला, मग पाय हलवला. आम्ही खुणेने तिला दटावत होतो. आतून काही आवाज नाही.

"पिल्ला, काय करतेस गं?"

दार उघडलं. "नापास."

पुन्हा एकदा झालं. या खेपेला आधीपेक्षाही लवकर हाक गेली. आणि मग आईला रडूच फुटलं. "हे नाटक नाही गं. हे मला खरंच जमत नाही."

मला वाटलं, संपलं. जागा गेली, दोन वर्षांची मेहनत गेली, आणि मुलीला घरी राहायला याहून चांगलं कारण कुठलं मिळणार? मला आईचा राग आला आणि तिची दयाही आली.

मुकादम चाचपत आईजवळ आल्या. ओल्या गालांवरून हात फिरवला, फ्रॉकला पुसला.

"मला पण पहिल्यांदा जिना उतरताना रडू आलं होतं," ती म्हणाली. "ताई म्हणाल्या, रड, पण उतर. तू पण रड. मी जाते शाळेत आणि परत येते."

आई हुंदके देत मान हलवत राहिली. मग मान हलवलेली हिला कळणार नाही हे लक्षात येऊन मोठ्याने म्हणाली, "बरं."

मुकादम माझ्याकडे वळल्या.

"ताई, माझं मला आता जमतंय. तुम्ही आईला शिकवायला येत जा."

सोमवारी मुकादम काठी घेऊन जिना उतरल्या आणि शाळेत गेल्या. मी वर आईकडे गेले.