कपाटामागच्या पट्ट्या

स्क्राव ही बोट गुलवेनने स्वतःच्या हातांनी बांधली होती, आणि हे तो कोणाला विसरू देत नसे. त्रेबूलच्या बंदरात नवा माणूस दिसला की त्याला बोटीत नेऊन ओकची कपाटं दाखवायची, सांध्यांवरून हात फिरवायला लावायचा आणि मगच सफरचंदाच्या सायडरचा पेला हातात द्यायचा, असा त्याचा खाक्या. आयुष्यभर सुतारकाम करून तो आता निवृत्त झाला होता. त्याची मुलगी अझिलिस सार्डिन मासळीच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायची. त्या उन्हाळ्यात बापलेकीने भर महासागरातल्या अझोर्स बेटांपर्यंत जायचं ठरवलं होतं. स्क्राव तोवर किनारा दिसेनासा होईल इतकी लांब कधी गेली नव्हती.

एप्रिलमध्ये एका रविवारी, डोलकाठी उतरवून ठेवलेली असताना, अझिलिस त्या कपाटांसमोर करवत घेऊन बसली.

"हे काय चाललंय?" गुलवेनने वरून डोकावत विचारलं.

"पट्ट्या बघायच्यात."

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा खाली स्टीलच्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात. स्क्रावच्या पट्ट्या डेकमधून आत उतरून आडव्या फळीला बोल्टने आवळलेल्या होत्या. त्यातली एक जरी सुटली तरी डोलकाठी पाण्यात. आणि या पट्ट्या गुलवेनच्या कपाटांमागे अशा बंद झाल्या होत्या की बोट पाण्यात उतरल्यापासून कोणी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"इतकी वर्षं काही झालं का त्यांना?"

"इतकी वर्षं आपण संध्याकाळी घरी जेवायला येत होतो, बाबा. कपाट सुटतं कसं, ते सांग."

"सुटत नाही. खुंट्या मारल्यात. सुटायला बांधलंच नव्हतं."

"मग कापते."

"माझं कपाट?"

"तुझंच. दुसऱ्या कोणाचं असतं तर विचारून कापलं असतं."

करवतीचा आवाज सुरू झाला तसा तो डेकवर जाऊन पाठ करून बसला. दुपारपर्यंत डाव्या बाजूच्या पट्ट्या निघाल्या. अझिलिसने त्या घासल्या, भिंगाखाली धरल्या, भोकांच्या कडा नखाने चाचपल्या. तडा नाही, खड्डा नाही. गुलवेन खाली आला आणि चकाकणाऱ्या पट्ट्या पाहून त्याची कळी खुलली.

"वा! एका चांगल्या कपाटाचं सरपण झालं. आता चहा तरी ठेव त्याच्यावर."

पट्टी जिथे बसली होती त्या फळीवर अझिलिसने हातोडीच्या दांड्याने ठोकलं. वरच्या बाजूला टणक आवाज आला. खाली आला तो ओल्या गोणीवर मारल्यासारखा. तिने स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

पाणी पट्टीच्या अंगाने वर्षानुवर्षं झिरपत आलं होतं. सुंदर, घट्ट कपाटांमुळे वाऱ्याला तिथे शिरकाव नव्हता. स्टील शाबूत होतं. कुजलं होतं ते गुलवेनचं लाकूड.

त्याने स्क्रूड्रायव्हर स्वतः ओढून काढला, टोकाला लागलेला काळा भुसा बोटांत चोळला, हुंगला.

"बंद कर," तो म्हणाला. "जुलैत नेहमीसारखे किनाऱ्याकिनाऱ्याने फिरू."

"नाही."

"बोट माझी आहे."

"असू दे. मला तुझ्याबरोबर अझोर्सला जायचंय, आणि डोलकाठी उभी ठेवून जायचंय. उद्यापासून मी कामावरून सुटले की इथेच आहे. तू ये, नाहीतर येऊ नकोस."

तो आला नाही. अझिलिसची आई सोआझिग रोज धिरडी बांधून आणायची आणि घरची खबर द्यायची.

"तू त्याच्या अंगावर करवत चालवतेयस, असं म्हणतो. जेवण मात्र तीनदा वाढून घेतो."

अझिलिसने कुजकं लाकूड निरोगी भाग लागेपर्यंत कोरून काढलं. उजव्या बाजूलाही तीच गत होती. हात सोलवटले, केसांत भुसा गेला, एकदा तर ती चक्क रडली आणि रडतच छिन्नी चालवत राहिली. नवी फळी बसवायला घेतली त्या दिवशी शिडीवर बुटांचा आवाज झाला.

"पट्ट्या पुन्हा तिथेच लावणार?" गुलवेन म्हणाला.

"मग कुठे?"

"बाहेर. बोटीच्या अंगाला बाहेरून. आत ठेवल्यास तर पुन्हा पाणी येणार आणि पुन्हा कोणाला दिसणार नाही."

"रूप जाईल बोटीचं."

"जाऊ दे. सरक जरा, फळी अशी धरतात होय?"

मग दोघं मिळून लागले. तिने कारखान्यातल्या ओळखीने जाड पट्ट्या कापून आणल्या. तारेची ओढ ज्या कोनात, त्याच कोनात पट्टी वाकलेली हवी, नाहीतर ती दर लाटेला मुडपत राहते. म्हणून एकेक पट्टी लावून बघायची, उतरवायची, पुन्हा वाकवायची. भोकं मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीच्या राळेने भरली आणि त्यातून पुन्हा बारीक भोकं पाडली, म्हणजे पाण्याची लाकडाशी गाठच पडू नये. आतून त्याने रुंद ठोकळे बसवले. ओकची कपाटं परत आली ती अर्धीच, आणि त्यांची दारं स्क्रूने सुटणारी. स्क्रू फिरवताना गुलवेनचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

डोलकाठी पुन्हा उभी राहिली. जोराचं वारं सुटलं त्या दिवशी त्यांनी उपसागरात बोट मुद्दाम कलती करून पळवली, बंदरात येऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळले, आणि जुलैत निघाले.

अर्धी वाट सरल्यावर वादळाने गाठलं. पहाटे एका लाटेने स्क्रावला उचलून कुशीवर आपटलं. डोलकाठीचं टोक पाण्यात गेलं, आत डबे, भांडी, बटाटे आणि गुलवेन असे सगळे एका बाजूला कोसळले. मग बोट सावकाश उभी राहिली. अझिलिस दोराने बांधलेली होती. तिने आधी वर पाहिलं. डोलकाठी होती. तारा होत्या.

"बाबा!"

"आहे," आतून आवाज आला. "बरगडी गेली बहुतेक. आधी पट्ट्या बघ."

"आधी तू."

"मला कुठे बोल्टने आवळलंय! पट्ट्या बघ म्हणतो ना!"

तिने दोन्ही बाजू हाताने चाचपल्या, आत वाकून ठोकळे पाहिले. कोरडे होते. मग तिने त्याची छाती कापडाने बांधली आणि बेटं दिसेपर्यंत सुकाणू एकटीने धरलं.

बेटांवरच्या ओर्ता बंदरातल्या डॉक्टरने गुलवेनला बोटीवर परत जायला साफ मनाई केली. घरी जायच्या विमानाची वेळ झाली तेव्हा तो म्हणाला, "बोट इथेच ठेव. पुढच्या वर्षी नेऊ."

"मी नेते."

"एकटी?"

"एकटी."

मग धक्क्यावर गुडघे टेकून, बरगडी धरून, एकेका पट्टीवरून त्याने हात फिरवला. "उजवीकडची मधली तार अर्धा आटा आवळ," एवढंच म्हणाला आणि टॅक्सीत बसला.

सप्टेंबरमध्ये स्क्राव त्रेबूलला लागली. दोर झेलायला सोआझिग उभी होती. गुलवेन मागे, नवं लाकूड हुंगत, कोणाशी तरी त्याच्या किमतीवरून हुज्जत घालत होता. लेक धक्क्यावर चढली तेव्हा त्याने ते लाकूड तिथेच टाकलं आणि तिला इतकं घट्ट धरलं की नुकत्या जुळलेल्या बरगडीतून पुन्हा कळ गेली.