एंटर तेवढं माझं

मी रमाताईंच्या टेबलावरचा कीबोर्ड बोलतोय. मनातून जळतोय म्हणून बोलतोय, हे आधीच सांगून टाकतो.

सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत, माझी चौदा वर्षं गेली. भट्टीतून नमुना आला की रमाताई तो तपासायच्या आणि आकडे एका जुनाट प्रोग्रॅममध्ये भरायच्या. माझ्या फटींत काळी धूळ बसली, आठाचा आकडा पुसला गेला, एंटरची कळ अडकू लागली. पण रमाताईंची बोटं माझ्याकडे न बघता माझ्यावर चालायची. मला आणखी काय हवं होतं?

मग त्यांच्या बोटांचे सांधे सुजू लागले. संगणक सांभाळणाऱ्या नीलेशने त्यांना एक नवा प्रोग्रॅम बसवून दिला. रमाताईंनी माइकमध्ये बोलायचं आणि त्याने माझ्या कळा दाबल्याचं सोंग करायचं! जुना प्रोग्रॅम इतका भोळा, की त्याला वाटायचं मीच लिहितोय. आणि रमाताई त्या सोंगाड्याशी बोलायच्या तरी किती गोड! "थांब बापा, हे पुसून टाक. हं, आता लिही." माझ्याशी चौदा वर्षांत एक शब्द नाही.

यंदा संगणकावर नवी प्रणाली आली. तिने जुन्या प्रोग्रॅमला घरात घेतलं, पण सोंगाड्याला दारातच अडवलं. खऱ्या कळा दाबल्या तरच चालेल, असा तिचा नियम. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. रमाताई परत माझ्याकडे आल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एका हाताने दुसऱ्या हाताचं बोट धरलं आणि सात दाबला. डोळ्यांत पाणी होतं.

"नीलेश, नाई जमत गा आता. राजीनामाच द्या लागते वाटते."

माझा आनंद ओसरला. अगदी सगळा नाही, खोटं कशाला बोलू?

नीलेश दुपारभर खटपट करत बसला. "दीदी, हो गया. बस, एक बार एंटर दबा दो."

पडद्यावर प्रश्न होता: या प्रोग्रॅमला कळा दाबू द्यायच्या का? होकार मात्र खऱ्या कळेचाच हवा, म्हणजे माझा. वैऱ्यासाठी पाट मीच मांडायचा! रमाताईंनी एंटर दाबलं. मी अडकलो. त्यांनी पुन्हा दाबलं. मी पुन्हा अडकलो, मुद्दाम.

त्या माझ्याकडे वाकल्या. "काहून असा करून राहिला रे? इतकी वर्षं साथ देल्ली ना मले? एवढं एक ऐक."

माझ्याशी बोलल्या! एंटर सुटलं.

आता रोज सकाळी संगणक तोच प्रश्न विचारतो. परवा नीलेश म्हणाला, "दीदी, 'हमेशा के लिए' पे टिक कर दो. रोज का झंझट खतम."

टिक झाली की सकाळचा प्रश्न बंद, आणि माझं एंटरही.

"राहू दे गा," रमाताई म्हणाल्या. "तेवढं एक दाबता येते मले."

दिवसभर तो लिहितो आणि मी शेजारी बसून जळतो. पण सकाळी पहिलं बोट माझ्यावर पडतं. तुमच्यापैकी कोणी कधी त्या टेबलाशी बसलात, तर हात जोडून सांगतो, त्या चौकटीत टिक करू नका.