मिस्त्रींचा हात

“ह्या खेपेला आमच्या मंडळींनी चिकटवलंय हो साहेब. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालतं, त्यामुळं बाईमाणसाच्या हातात द्यावं लागलं. ऱ्हायली असंल कायतरी कसर.”

गणपती हे बोलला तेव्हा अंजना त्याच्या मागेच, हॉलच्या दाराशी हत्यारांची पिशवी घेऊन उभी होती. आपण नीट ऐकलं ना, असं तिला क्षणभर वाटलं. नीटच ऐकलं होतं. पिशवीचा बंद तिने तळहाताला इतका गच्च गुंडाळला की बोटं पांढरी पडली.

ताराबाई पार्कातला हा बंगला अमरसिंह साहेबांचा. साखर कारखान्यात इंजिनिअर होते, आता निवृत्त. त्यांच्याकडे तीस वर्षांपूर्वीचे, कमरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर होते. त्यातल्या उजव्याची आतली तारेची कॉइल जळाली आणि पुढचा कागदी कोन फाटला, म्हणून तो बॉक्स लक्ष्मीपुरीत गणपतीच्या दुकानात आला. गेल्या आठवड्यात गणपतीने तो रिक्षावाल्याच्या मदतीने परत आणून जोडून दिला आणि काल साहेबांचा फोन आला. जरा आवाज वाढवला की खरखर होते, तुमच्या नावावर विश्वास ठेवून दिला होता, असं ते बरंच काही बोलले. डॉक्टरांनी गणपतीला वजन उचलू नको म्हणून सांगितलं होतं. बॉक्स रिक्षात घालून परत न्यायचा तर उचलायला कुणीतरी हवं, म्हणून तो आज अंजनाला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला. बावीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या घरी ती पहिल्यांदाच येत होती.

लग्नाआधी अंजना उद्यमनगरात मोटर वाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होती. केसासारखी बारीक तार न तोडता गुंडाळायची कला ती तिथून घेऊन आली. गणपतीला स्पीकर उघडता येत होते, पण कॉइल गुंडाळणं त्याला कधीच जमलं नाही. चार वेळा तार तोडली आणि रीळ तिच्याकडे सरकवलं, ते तिच्याकडेच राहिलं. दुकानात पडदा होता. पडद्याच्या बाहेर काउंटर, स्टूल आणि गणपती. आत ट्यूबलाइट, गमाचा वास आणि अंजना. जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या कापून आधाराला घालायच्या आणि कॉइल मॅग्नेटच्या फटीत कुठं न घासता अगदी मधोमध बसवायची, कोन चिकटवायचा, रात्रभर वाळवायचा, हे सगळं ती आत करायची. बाहेर गणपती दोन अंगठ्यांनी कोन दाबून दाखवायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्रींचा हातच वेगळा. मागच्या वर्षी एका पेपरवाल्याने त्या हातांचा फोटो छापला. फोटोसाठी हातात धरायला कोन पाहिजे होता, तो पडद्याआडून तिनेच दिला होता.

याचं तिला वाईट वाटायचं, पण ती बोलली नव्हती. संसार एकच, दुकान एकच, नाव कुणाचं झालं तरी घरातच राहतं, अशी तिने मनाची समजूत घातली होती. तिचं नाव या धंद्यात कधीच कुणी घेतलं नाही. आज बावीस वर्षांनी पहिल्यांदा घेतलं, ते चूक तिच्या माथी मारायला. आणि वर ‘ह्या खेपेला’.

अमरसिंह साहेब वैतागून म्हणत होते की असं होतं तर आधी सांगायचं, थांबलो असतो. गणपतीने वाकून कोन दाबला, मान हलवली आणि कॉइल घासतीया, दुकानात नेऊन स्वतः बघतो, असं सांगून टाकलं. अंजनाने ते ऐकलं आणि ती पुढे झाली. कॉइल घासत असली तर कोन दाबताना बोटाला कळतं. बोटाला काही कळलेलं नसताना हा माणूस कळल्यासारखी मान हलवत होता.

“लावा बघू गाणं,” ती म्हणाली. “बॉक्स कुठं न्यायचा न्हाई.”

गणपती हलक्या आवाजात म्हणाला की राहू दे, इथं तमाशा नको. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने स्वतः कोन दाबला. तो गुळगुळीत आत गेला, गुळगुळीत बाहेर आला. मग गाणं लागलं, आवाज वाढला आणि खरखर सुरू झाली. ती कान देऊन उभी राहिली. घासणाऱ्या कॉइलचा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. हा तो नव्हता. हा तुटक होता, मध्येच आवाज पार जायचा आणि परत यायचा.

तिने सेट बंद करायला लावला, दोन्ही बॉक्सच्या तारा सोडवल्या आणि बॉक्स एकमेकांच्या जागी सरकवून जोडले. साहेब जवळ येऊन बघत होते. परत गाणं लागलं. आता तिने केलेला बॉक्स डाव्या बाजूला स्वच्छ वाजत होता आणि डावीकडचा, ज्याला कुणी कधी हात लावला नव्हता, तो उजव्या बाजूला येऊन खरखरत होता.

“म्हणजे बॉक्समध्ये दोष नाही,” साहेब म्हणाले.

दोष सेटमध्ये की तारेत, एवढंच आता बघायचं होतं. तिने सेटच्या मागच्या तारा उलटसुलट जोडून बघितल्या. खरखर उजव्या तारेबरोबरच राहिली. मग तिने गुडघे टेकले आणि ती तार हाताने चाचपत भिंतीकडेने निघाली. तार शोकेसच्या मागे गेली होती. तिथं तिची बोटं थांबली. शोकेसचा पाय बरोबर तारेवर होता.

साहेबांची सून संयोगिता चहा घेऊन आली होती. तिने सांगितलं की बॉक्स दुरुस्तीला गेला होता तेव्हाच भिंतींना रंग दिला, तेव्हा शोकेस हलवलं होतं. साहेबांनी आणि तिने कोपरा उचलून धरला. तार चेंगरून आतल्या दोन-तीन तंतूंवर कशीबशी तग धरून होती. अंजनाने तो तुकडा कापून काढला, टोकं सोलून घट्ट पिळली, टेप गुंडाळली. बॉक्स आपापल्या जागी गेले. आवाज मोठा केला, आणखी मोठा केला. शोकेसची काच थरथरली, पण स्पीकर खणखणीत वाजत राहिले.

साहेब खूश झाले. त्यांनी गणपतीच्या पाठीवर थाप मारली. “गणपतराव, मानलं तुम्हाला. वहिनींना चांगलं तयार केलंय की.”

गणपती हसला. ते हसू बघून अंजनाच्या कानशिलात रक्त चढलं. बाकी सगळं तिने गिळलं असतं, पण हे हसणं गिळता येईना.

“साहेब,” ती म्हणाली, “ह्या खेपेला न्हाई. बावीस वर्सं दुकानातली सगळी कॉइल माझ्या हातची हाय. ह्यांनी एकबी गुंडाळली न्हाई.”

संयोगिताने कप तसाच हातात धरला. साहेब आधी अंजनाकडे बघत होते, मग त्यांनी गणपतीकडे बघितलं, खरं काय ते त्याच्याकडून कळावं म्हणून. त्या नजरेने तिचं डोकं जास्तच फिरलं.

“मदत करती की ती,” गणपती म्हणाला. “न्हाई कोण म्हणतंय?”

तिने हत्यारं पिशवीत भरली, पिशवी उचलली आणि चहा न घेता बाहेर पडली. गणपती मागून हाका मारत होता. स्कूटरजवळ ती थांबली नाही. व्हीनस कॉर्नरचा चौक ओलांडून लक्ष्मीपुरीपर्यंत ती भर उन्हात तरातरा चालत गेली, आणि वाटेत ओळखीचं कोण भेटलं, कोण काय बोललं, तिला कळलंही नाही. ‘मदत’ हा एकच शब्द डोक्यात घण घालत होता.

दुकानाचं शटर तिने स्वतः वर केलं. आत जायला पडदा बाजूला सारला आणि तिथंच थांबली. मग आतून गमाची बाटली, कात्री आणि ब्रश घेतला आणि काउंटरवर येऊन स्टुलावर बसली.

थोड्या वेळाने कोडोलीहून एक माणूस मोटरसायकलवर बॉक्स बांधून आला. त्याने मिस्त्री कुठं आहेत विचारलं. ती म्हणाली, बॉक्स ठेवा. त्याला मिस्त्रींच्याच हातून करून घ्यायचं होतं, येईपर्यंत थांबतो म्हणाला. बसा की पावणं, असं म्हणून तिने बॉक्स पुढे ओढला आणि उघडला. कोनाची कड अर्ध्याहून जास्त सुटली होती. रस्त्याच्या उजेडात ती कड साफ करू लागली. मध्येच तिने ब्रश खाली ठेवला, उन्हाचा घाम पदराने पुसला आणि ब्रश पुन्हा उचलला. तो माणूस आधी रस्त्याकडे बघत होता, नंतर तिच्या बोटांकडे बघू लागला.

गम लावून झाला तेव्हा गणपतीची स्कूटर आली. माणूस लगबगीने उठला आणि मिस्त्री, तुम्ही एकदा बघा, म्हणाला. गणपती पायरी चढून काउंटरपाशी आला. त्याने दोघांकडे बघितलं, आणि सवयीप्रमाणे त्याचे दोन्ही अंगठे कोनाकडे गेले.

“हात काढा,” अंजना मान वर न करता म्हणाली. “गम वला हाय.”

अंगठे तसेच थोडा वेळ अधांतरी राहिले. मग गणपतीने हात मागे घेतले, पँटला पुसले आणि उभं राहायला जागा नव्हती म्हणून एक पायरी खाली उतरला.